चहापानानंतरचं अक्षर

लोटन गुरुजींशी माझी ओळख भांडणातून झाली. ब्राह्मणपुरीच्या शाळेत मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. शाळांच्या क्रिकेट सामन्यात आम्ही एका धावेनं जिंकलो, मी मुलांबरोबर नाचू लागलो, आणि गुणलेखक असलेले आमचेच गुरुजी वही घेऊन पंचांकडे चालू लागले. एक धाव चुकून दोनदा मांडली गेली होती. सामना बरोबरीत गेला. मी तणतणलो, "गुरुजी, कोणाला कळणार होतं?"

"माले कळनं ना!" ते म्हणाले.

अशा माणसाच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात नुसती गोड गोड वाक्यं लिहिणं मला जमणार नाही.

गुरुजींची वही साऱ्या शहादा तालुक्याला ठाऊक आहे. एका भारतीय फलंदाजाचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा प्रत्येक कसोटी डाव त्यांनी रेडिओ ऐकून चेंडूगणिक टिपलेला आहे. फलंदाजाचं नाव वहीत कुठंच नाही. त्याला फक्त 'आपला' म्हटलं आहे. इतर देशांविरुद्धच्या त्याच्या धावा गुरुजींच्या लेखी किरकोळ. "ऑस्ट्रेलियापुढे जो टिकना, तोच खरा," असं ते म्हणत.

माझे वडील आजारी पडले आणि मी नंदुरबारच्या दवाखान्यात अडकलो, तेव्हा गुरुजींनी महिनाभर माझे वर्ग घेतले. रोज सकाळच्या एसटीनं डबाही येई. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "डबा तिनी धाडा, तिले सांग." ती म्हणजे विमलवहिनी, गुरुजींच्या पत्नी. डब्याचं श्रेय त्यांनी असं जागच्या जागी देऊन टाकलं. वहीचं मात्र दिलं नाही.

ऑस्ट्रेलियातला सामना आपल्याकडे पहाटे सुरू होतो. चहापानापर्यंतचा खेळ गुरुजी टिपत आणि मग सायकल काढून शाळेत येत. पुढचा खेळ वहिनी टिपत. लाल मिरच्यांचे देठ खुडता खुडता कान रेडिओकडे, आणि षटक संपलं की हात पदराला पुसून पेन्सिल. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झालेली. ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला की जवळजवळ सगळा दिवसच वहिनींचा. 'आपला' बाद झाला की ती जागा मात्र त्या कोरी सोडत. "आउट व्हयना ते तुमीच लिखा. मन्हा हात चालस नही," असं त्या गुरुजींना सांगत.

यातलं आम्हाला काहीही माहीत नव्हतं. वहीतले लाल डाग पाहून मी तर गुरुजींना चिडवायचो, की भाजीचा हात तरी धुऊन बसत जा. ते नुसते हसत.

पुढे नंदुरबारला त्या वहीसाठी गुरुजींचा सत्कार झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. "हे सारं एकट्यानं?" मी माइकवर विचारलं. गुरुजी क्षणभर घुटमळले आणि 'हो' म्हणाले. टाळ्या पडल्या. बायकांच्या रांगेत वहिनीही टाळ्या वाजवत होत्या. परतताना एसटीत मी त्यांच्यामागेच बसलो होतो. वहिनी शालीवरून हात फिरवत इतकंच म्हणाल्या, "शाल चांगली शे." ऑस्ट्रेलियाचा पुढचा दौरा आला तेव्हाही त्या पेन्सिल घेऊन बसल्याच. वहिनींना जाऊन आता दोन हिवाळे झाले.

या ग्रंथात वहीची काही पानं छापायची ठरली, म्हणून मी ती आणायला गेलो. गुरुजींनी स्वतःच पानं उलटून दोन वेगळी अक्षरं दाखवली आणि सगळं सांगितलं. मुलांची एक जादा धाव ज्यांना खपली नाही, ते गुरुजी एवढंसं तोंड करून बसले होते.

"मास्तरनी बायको लिखस आसं लोके हसतीन म्हनीसन मी बोलनू नही," ते म्हणाले. "ती व्हती तवय दोन शब्द बोलतू, ते काय बिघडतं? आते कोनले सांगू?"

मला रडू आवरलं नाही. त्यांच्याकडून 'हो' काढणारा माइकवरचा तो प्रश्न माझाच होता.

गुरुजींनी एकच अट घातली आहे. पानं टाइप न करता जशीच्या तशी छापायची, डागांसकट, आणि वर आधी विमलबाईंचं नाव. ग्रंथाच्या समितीनं ती मान्य केली आहे. समारंभात ते स्वतः माइकवरून हे सांगणार आहेत. उशीर झाला आहे, हे आम्हा सगळ्यांना कळतं.

शतायुषी व्हा म्हटलं तर गुरुजी चिडतात. "शंभर वरीस जगीसन काय करसू?" असं विचारतात. गुरुजी, त्या सामन्यानंतर तुमच्यापुढे मी कधी उलट बोललो नाही, आज बोलतो. औषधं वेळेवर घ्या, सायकल आता सोडा, आणि खूप जगा. वहिनींना आम्ही डबा धाडणारी बाई म्हणूनच ओळखत होतो. त्या खऱ्या कशा होत्या, हे तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, आणि सांगायला तुम्ही आत्ता कुठं सुरुवात केली आहे.