सरांनी मला माफ केलं, तो दिवस

हेमंत सर गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी रावेतला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कुरडया उलटत होते. रविवार होता. सकाळी फिरायला गेले असताना छातीत दुखलं आणि रस्त्यातच बसले, एवढंच जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘देवमाणूस’, ‘बापमाणूस’, ‘टीमचा आधारवड’... मी फोन पालथा ठेवला आणि उरलेल्या कुरडया उलटल्या. सासूबाईंनी विचारलं, “कुणाचा गं?” मी म्हटलं, “ऑफिसात होते एक.” मला रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं नाही. राग आला. आता हा माणूस कधीच काही कबूल करणार नाही, याचा राग.

गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे चारपेक्षा जास्तच आहेत. म्हणूनच हा राग विझत नाही.

धाराशिवहून पदवी घेऊन मी आले ती थेट चिंचवड स्टेशनजवळच्या त्या छोट्या कंपनीत. कारखान्यात लाइनीवर उभ्या असलेल्या कामगाराला, समोरच्या गाडीला कुठला पार्ट लावायचा हे स्क्रीनवर दाखवणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. सर आमचे टीम लीड. चिंचवड गावठाणातलं जुनं शेतकरी घर त्यांचं. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्या बोलण्यातलं ‘हाय-न्हाई’ गेलं नव्हतं. क्लायंटशी फोनवर फाडफाड इंग्रजी बोलायचे आणि फोन ठेवला की आमच्याकडे वळून म्हणायचे, “चला, च्या घिऊ.” दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला चाकणच्या कारखान्यात नेलं आणि अख्खी शिफ्ट लाइनीच्या कडेला उभं केलं. “स्क्रीन बघू नगं. ह्यांचे हात बघ,” ते म्हणाले. “तुझा प्रोग्राम अडकला की हे हात थांबत्यात.” हे वाक्य मी आजही टीममधल्या नव्या मुलामुलींना सांगते. कुणाचं आहे ते मात्र सांगत नाही. एवढा कोतेपणा माझ्यात आहे, आणि तो मी मुद्दाम ठेवलाय.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, “आपली टीम न्हाई, घर हाय.” ते ऐकून सुरुवातीला मला भरून यायचं. घरापासून इतक्या लांब आलेल्या मुलीला आणखी काय हवं असतं? मग माझ्या भावाचं लग्न ठरलं आणि मी चार दिवसांची रजा मागितली. सर हसून म्हणाले, “घरात कुणी रजेचा अर्ज देतं व्हय? जा की, पण लॅपटॉप संगं ने.” हळदीच्या दिवशी मी मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून बसले होते, एका हाताला हळद लागलेली, दुसरा कीबोर्डवर. आईने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. भावाच्या हळदीच्या फोटोंत मी कुठेच नाही. हे मला कुणी बळजबरीने करायला लावलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागतं. ते कधी आवाज चढवत नसत. आपणच नको म्हणायला लाजावं, अशी त्यांची माया होती.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी चाकणची ती लाइन बंद पडली. सकाळी सरांनी चालू प्रोग्राममध्येच एक बदल केला होता. मी शेजारीच बसले होते. “सर, आधी टेस्ट करून बघूया का?” मी विचारलं. ते म्हणाले, “एवढ्याशाला काय टेस्ट? मी बघतो.” जेवणाच्या सुट्टीनंतर लाइन सुरू झाली आणि स्क्रीनवर भलत्याच गाड्यांचे पार्ट दिसू लागले. कामगारांनी हात वर केले, लाइन थांबली, ती दुपार उलटून गेली तरी थांबलेलीच. आम्ही दोघं धावतपळत चाकणला पोचलो. सरांनी स्वतःच आपला बदल काढून टाकला आणि लाइन सुरू झाली. मग प्लँटच्या मॅनेजरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. सात-आठ माणसं बसली होती. “चूक कुणाची?” त्यांनी विचारलं.

सर उठले, माझ्या खुर्चीमागे आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आमच्या मुलीकडून झालं, साहेब,” ते म्हणाले. “नवीन आहे, शिकतेय. मी तिला माफ केलंय, तुम्हीही मोठ्या मनाने करा.”

आज इतकी वर्षं मी स्वतःला एकच प्रश्न विचारते आहे, की मी का बोलले नाही? मला वाटतं, त्या हातामुळे. डोक्यावर वडीलधाऱ्याचा हात असताना ‘हे खोटं आहे’ म्हणायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मॅनेजर मान हलवत म्हणाले, “ठीक आहे. पण यांना पुन्हा इकडे आणू नका.”

परतताना तळवड्याच्या चौकात गाडी अडकली, तेव्हा मी विचारलं, “सर, असं का केलंत?” समोरच्या ट्रकवरची नजर न हलवता ते म्हणाले, “माझं नाव लागलं असतं तर कंपनीचं काम गेलं असतं. तुझं काय, नवीन हायस. लोकं इसरत्यात.”

लोक विसरले नाहीत. मला त्या प्रोजेक्टवरून काढलं आणि दुसऱ्यांच्या प्रोग्रामच्या माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. ‘लाइन बंद पाडणारी’ हे नाव कँटीनपर्यंत पोचलं. वर्षभराने मी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी सरांनीच केक आणला आणि भाषणात सांगितलं, की घरातून लेक सासरी चाललीय. आज मी स्वतः एक टीम सांभाळते. टीममधली मुलं माझ्यामागे कुरकुरतात, की मॅडमना प्रत्येक गोष्ट लेखी लागते. कुणी काय बदललं, केव्हा, कुणाला सांगून. खरंय. आणि मी कुणालाही ‘आपण घर आहोत’ असं म्हणत नाही. सहा वाजले की त्यांना त्यांच्या खऱ्या घरी हाकलते.

सरांची शेवटची भेट तीन वर्षांपूर्वीची, तळेगाव दाभाड्याला एका लग्नात. त्यांनीच मला लांबून हाक मारली. शेजारी त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, होत्या. “ही माझी लेक बरं का,” सर त्यांना म्हणाले. “मीच शिकवली. एकदा आख्खी लाइन बंद पाडली होती हिनं!” आणि मनापासून हसले. मी म्हटलं, “सर, ते मी केलं नव्हतं.” सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. सरांचं हसू थोडंसं हललं. “आजून धरून बसलीस व्हय?” ते म्हणाले, आणि पंगतीकडे वळले. म्हणजे त्यांना आठवत होतं. सगळं आठवत होतं.

ते गेल्यानंतर महिन्याभराने सुनंदाताईंचा फोन आला. “एकदा येऊन जा,” एवढंच म्हणाल्या. जाऊ नये असं फार वाटलं, तरी गेले. घरात त्या एकट्याच होत्या. पाणी दिलं, समोर बसल्या आणि इकडचं तिकडचं न बोलता त्यांनी विचारलं, “त्या दिवशी लग्नात तू बोललीस, ते खरं होतं?”

एका विधवेला महिन्याभरात काय सांगावं, याचा मी क्षणभर विचार केला. मग म्हटलं, “हो. बदल सरांनी केला होता.”

त्यांनी मान हलवली. “वाटलंच मला,” त्या म्हणाल्या. “घरात काही बिघडलं की ते असंच करायचे. चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, जाऊ द्या, साधी हाय बिचारी. दिराची सोयरीक मोडली, ती माझ्यामुळं. सासूबाईंची औषधं चुकली, ती माझ्यामुळं. तीस वर्षं मला माफच करत आले बघ.” आणि लगेच म्हणाल्या, “तुला लिहिता येतं ना? मग लिही. माझं नाव घालून लिही.”

मग त्यांनी मला आतली खोली दाखवली. टेबल, बंद कॉम्प्युटर, आणि उंच पाठीची काळी खुर्ची. पाठीला डोकं टेकून टेकून तिथलं रेक्झिन गुळगुळीत झालं होतं. “हिच्यात कुणी बसलेलं त्यांना चालायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “बस तू.” मला ते जमेना. मी दाराशीच उभी राहिले.

सुनंदाताईंनी खुर्चीवरून एकदा पदर फिरवला आणि स्वतः बसल्या. पाय वर घेतले, मांडी घातली, डोकं मागे टेकलं. खुर्ची करकरली.

“च्या टाकतेस का गं?” त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. “साखर वरच्या फळीवर हाय. आज मी काय उठत न्हाई.”