मिठाच्या ऐवजी

"अगं, हळू चाल," मी धाकट्या जावेला म्हणाले. अर्धं गाव तुडवलं तरी ती थांबेना. चाळिशीत ती आहारशास्त्राची पदवी घेतेय. "आता घास मोजून वाढणार वाटतं!" असा सासूबाईंचा टोमणा.

काल दवाखान्यात शिकताना तिने मूत्रपिंडं बिघडलेल्या शिंपीकाकांना "मीठ बंद" एवढंच सांगितलं. सकाळी त्यांच्या सुनेने कौतुकाने फोन केला, "दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलंय, रात्रीपासून तेच घालतेय." त्यात पोटॅशियम असतं, अशा रोग्याचं हृदयच बंद पडू शकतं. हिने ते लगेच थांबवायला लावलं. दवाखान्यात कळवलं, तर डॉक्टर म्हणाले, "त्यांना इकडे आणा." पण आता तिकडे फोन कुणी उचलत नव्हतं. मी मनात देवाचं नाव घेत होते.

शिंपीकाकांच्या दारात ती माझ्या मागे सरकली.

"ताई, कडी तुम्ही वाजवा," ती म्हणाली. "आणि आधी विचारा, काका उठलेत का."