थोरली बहीण

पेडण्याच्या शाळेत शिकवायला जाताना मी डिचोलीच्या स्टँडवर बस पकडायचे. तिथल्या एका कोपऱ्यात तो राहायचा. पहिली बस यायच्या आत पथारी गुंडाळून बाकाखाली सारायचा आणि आपणही कुठंतरी निघालोय असा उभा राहायचा. पाठ वाकलेली, दात पडलेले, दाढी पांढरी. मी त्याला आजोबा म्हणायचे. तब्येत विचारली की म्हणायचा, "बरां आसा बाय, बरां आसा."

पावसात त्याचा पाय सुजला. अंगठा काळा पडला, वास येऊ लागला. दवाखान्याचं नाव काढलं की तो मागं सरकायचा. "माका कोण आत घेवचो नाय."

एका सकाळी त्याला उठताच येईना. मी शाळा बुडवली आणि त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

नर्सनं वय विचारलं.

"बेचाळीस."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. माझी पन्नाशी उलटली होती.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "साखर भयंकर वाढलीय, विष रक्तात गेलंय. इतके दिवस घरात कुणी बघितलं नाही?"

तेवढ्यात नर्सनं विचारलं, "पेशंटच्या घरचं कोण?"

मी त्याच्या खाटेपाशी गेले.

"मी," म्हटलं. "बहीण."

"थोरली," तो घाईनं म्हणाला. माझं खोटं पकडलं जाईल अशी भीती त्याला वाटली असावी.

भरतीच्या कागदावर नंबर माझाच दिला होता. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. शेवटी एका पहाटे तो वाजलाच.

"पेशंटच्या घरचं कोण बोलतं?"

"मीच," म्हटलं आणि चपला शोधू लागले.