काकूने केलेलं ऑपरेशन

माझी काकू एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. निवृत्तीला सहा वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. भाजी चिरून झाली की ती सुऱ्या मोजते. पाहुणे गेले की चमचे मोजते. पाहुण्यांवर संशय आहे म्हणून नव्हे, मोजल्याशिवाय तिला चैनच पडत नाही म्हणून.

तर त्यांच्या घरातला कॉम्प्युटर वर्षभर अंथरुणाला खिळला होता. सकाळी बटण दाबायचं, आंघोळ उरकायची, चहा प्यायचा, तेव्हा कुठे तो डोळे उघडायचा. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, सगळं पुसून सिस्टिम कोरी करकरीत टाकावी लागेल, दोन दिवस दुकानात ठेवून जा. काकूच्या कपाळावर आठ्या. परक्याच्या हवाली पेशंट, आणि तोही दोन दिवस? मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, एवढ्याच भांडवलावर रविवारी सकाळी मला बोलावणं आलं.

खरी काळजी होती काकांच्या कादंबरीची. काका घरोघरी पाण्याचे मीटर वाचायचे. लोकांच्या घरात डोकावण्याची ती हौस निवृत्तीनंतर रहस्यकथेत उतरली. नऊ वर्षं ते एकच कादंबरी लिहीत होते आणि कुणालाही वाचू देत नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जाहीर केलं, एकोणिसावं प्रकरण झालं, खुनी सापडला, आता फक्त शेवटचा हात फिरवतोय. हात फिरतच होता. कादंबरीची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मी गेले तेव्हा टेबल स्पिरिटने पुसून तयार होतं. काकूने मला हात धुवायला लावले आणि वर नखं तपासली. काका आत येऊ लागले तर म्हणाली, "नातेवाइकांनी दाराबाहेर थांबायचं."

"अगं, पण कॉम्प्युटर माझा आहे!"

"म्हणूनच."

मग मोजणी. मी आकडे सांगायचे, तिने पुठ्ठ्यावर लिहायचे. फोटो दोन हजार तीनशे सोळा. पत्रं एकशे चार. कादंबरी, प्रकरणं एकोणीस. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं, तिथे पुन्हा मोजलं, जुळलं. काकूने ती डिस्क स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळली आणि बाळासारखी मांडीवर घेऊन बसली. मी नव्या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह लावला. सुरू होता होता नेमक्या क्षणी एक बटण दाबायचं असतं, ते माझं दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा काकूनेच दाबलं, पहिल्या फटक्यात. तिच्या सगळ्या डॉक्टरांविषयी मला तेव्हा फार सहानुभूती वाटली.

पडद्यावर जुन्या डिस्कचे कप्पे आले. एकेक पुसायचा होता. माझा हात माउसवर अडखळला.

"काप," काकू म्हणाली.

कापलं. टक्के चढू लागले. बाहेरून काका विचारत होते, कसं आहे? आतून काकू सांगत होती, आत्ताच काही सांगता येणार नाही. मी हसून हसून टेबलाखाली जायच्या बेताला आले होते. कॉम्प्युटर तीनदा बंद पडला, तीनदा उठला, आणि मग लख्ख निळा पडदा! पुन्हा बंद करून घड्याळ लावलं. अकरा सेकंद! मी आणि काकूने टेबलाभोवती फेर धरला. काकाही आत घुसले. फायली परत आणल्या, मोजल्या. फोटो, पत्रं, एकोणीस प्रकरणं. तंतोतंत.

"झालं तर मग," काका जरा घाईनेच म्हणाले. "चहा टाकू?"

"मोजणी जुळली म्हणजे पेशंट जगला असं होत नाही. प्रत्येकाची नाडी बघ गं. आधी कादंबरी."

मी एकेक प्रकरण उघडत गेले. अठरा धडधाकट. एकोणिसावं उघडलं तर पांढरं. बंद करून उघडलं, पांढरंच. टॉवेलातल्या डिस्कवरचंही पांढरं. आणि मूळचं तर आम्ही कापून टाकलं होतं.

काकूच्या तोंडचं पाणी पळालं. ती खुर्चीत बसली. "एकतीस वर्षांत कुणाच्या पोटात धागा विसरले नाही," ती म्हणाली, "आणि घरच्याच माणसाचा जीव घेतला." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. काकूला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. उघडून न बघता मोजणारी मीच होते.

काका भिंतीकडे बघत होते, मग पंख्याकडे. शेवटी तिच्यासमोर उकिडवे बसले.

"अगं, तू कुणाला मारलं नाहीस. ते जन्मालाच आलं नव्हतं."

"म्हणजे?"

"लिहिलंच नाही मी. खुनी कोण, ते ठरतच नव्हतं."

"आणि दोन वर्षं हात कशावरून फिरवत होता?"

"कोऱ्या पानावरून."

मला हसू फुटलं. काकूने एकच कटाक्ष टाकला आणि मी ते गिळलं.

"सांगायला काय धाड भरली होती?"

"संपली नाही म्हटलं तर तू पाठीशी लागली असतीस. आणि संपली की वाचणार. तुला नाही आवडली तर काय, या भीतीने पुढे सरकतच नव्हतो."

काकूने डोळे पुसले, नाक पुसलं. "खुनी ती औषधं देणारी बाई आहे. सातव्या प्रकरणात कपाटाची किल्ली तिच्याकडे दिलीत आणि नंतर तुम्हीच विसरलात."

काका उकिडवे होते ते मागे बसलेच. "तू वाचलीस?"

"दर शुक्रवारी. तुम्ही वाचनालयात गेलात की. एकोणिसावं तेवढं उघडलं नाही. म्हटलं, शेवट तुम्ही आपल्या हाताने द्याल तेव्हा वाचू."

"आणि मग आवडली का?" काकांनी इतक्या हळू विचारलं की मी खिडकीबाहेर बघू लागले.

"आवडली नसती तर नऊ वर्षं मी गप्प बसले असते?"