गंगीचं परमिट

दारूचा थेंबही न चाखता दारूचा वास मारणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमच्या गिरगावातल्या वाडीतले अप्पा टॅक्सीवाले. खोकल्याच्या औषधात स्पिरिट असतं म्हणून अप्पा औषध न घेता पंधरा पंधरा दिवस खोकत. पण जिन्यातून खाली उतरले की दोन्ही मजल्यांवरच्या बायका नाकाला पदर लावत. दारूबंदी जोरात होती. असा वास येणं म्हणजे अर्धा गुन्हा कबूल केल्यासारखंच होतं.

वास अप्पांचा नव्हता, गंगीचा होता. गंगी म्हणजे त्यांची टॅक्सी. लढाईच्या काळात अप्पा देशावरच्या एका साखर कारखान्यात ट्रक चालवत. तिथं मळीचं स्पिरिट पेट्रोलमध्ये मिसळत. पुढं सुएझचा कालवा बंद झाला आणि पेट्रोल महागणार अशी बोलवा उठली, तेव्हा अप्पांना ते आठवलं. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानातून ते स्पिरिट आणू लागले. गॅलरीत घासलेटच्या डब्यात मिश्रण करायचं, वर पातळ फडकं बांधायचं आणि सकाळी रबरी नळीनं टाकीत सोडायचं. गंगी दोनदा शिंकायची आणि निघायची. "बघ गो, कशी खूश झाली!" असं मला सांगताना अप्पांचा चेहरा नातवाला जेवू घालणाऱ्या आजोबांसारखा व्हायचा.

एकदा चर्नी रोडपाशी हवालदारानं गाडी थांबवली.

"हा कर."

अप्पांनी हा केला. वास नाही. मागच्या सीटवर एक कीर्तनकार बुवा होते, त्यांनाही हा करायला लावलं. बुवांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास. मग हवालदार गुडघ्यांवर बसला आणि त्यानं सायलेन्सरला नाक लावलं.

"मग प्यायलंय कोण?"

"गाडी," अप्पा खरं तेच बोलले.

"असं? मग गाडीचं दारूचं परमिट दाखव. आठ दिवसांत आणलं नाहीस तर बिल्ला जमा."

हवालदार चिडून बोलला होता. अप्पांनी ते शब्दशः घेतलं. टॅक्सीवाल्याचा बिल्ला गेला की टॅक्सी गेली, आणि अप्पांना दुसरं काहीच येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते दारूबंदीच्या कचेरीत जाऊन रांगेत उभे राहिले. खिडक्या दोन होत्या. एक धंद्यासाठी स्पिरिट लागणाऱ्यांची आणि दुसरी दारूवाचून राहू न शकणाऱ्यांची. अप्पा दुसऱ्या खिडकीवरून इंग्रजी फॉर्म घेऊन आले.

तो टाइप केला मी. नुकती मॅट्रिक झाले होते आणि टायपिंगच्या क्लासला जात होते. वेग चांगला होता. टाइप करायच्या आधी वाचायचं असतं, हे क्लासात शिकवलं नव्हतं. 'ॲडिक्ट' म्हणजे अर्ज करणारा, अशी माझी समजूत.

"नाव?" मी विचारलं.

"माझा कित्याक? गंगीचा लिही. गंगा."

"वय?"

"बावीस."

"मिळालं नाही तर काय होतं?"

"थरथरता, गुरगुरता, जाग्यावरसून हलणा नाय."

डॉक्टरांचा अभिप्राय हवा होता. लालबागच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला सगळे टॅक्सीवाले डॉक्टरच म्हणत. त्यानं 'छाती भरली आहे, घसा साफ केला' असं लिहून सही ठोकली. मी तेही इंग्रजीत टाइप केलं. स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

सातव्या दिवशी कचेरीतून चौकशीला एक बाई आल्या. खादीचं पातळ, हातात वही. अप्पा आंघोळीला गेले होते. दारात अप्पांची बायको, आमच्या काकी, तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी.

"गंगाबाई कुठं आहेत?"

"रस्त्यावर," काकी म्हणाल्या.

"या अवस्थेत?"

"आत घेतली तर बिऱ्हाडकरू ओरडतात."

"तुमच्या कोण त्या?"

"सवत माझी. ह्यांचं सगळं लक्ष तिच्यातच."

बाईंनी वही मिटली. "आणि हे तिला पाजतात?"

"रोज सकाळी. नळीनं."

बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात अप्पा टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले आणि त्यांनी कौतुकानं गॅलरीतून खाली बोट दाखवलं. बाईंनी गाडी पाहिली, फॉर्म पाहिला, मला पाहिलं.

"ही सरकारची थट्टा आहे. तुमचा बिल्ला आजच जाईल."

"बाई, थट्टा नाय. हवालदारानं मागितलं ते आणायला गेलो. बिल्ला गेला तर मी करू काय?" अप्पांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "निदान दादरला सोडतो तुम्हांला. एकदा बसून बघा."

बाई बसल्या. फॉर्मचा खुलासा करायला मलाही बसवलं. परळला गंगी दोनदा शिंकली आणि थांबली. अप्पांनी टाकीतलं मिश्रण बाटलीत काढून उजेडात धरलं. वर एक थर, खाली दुसरा. पुढं कधीतरी काकींनी मला सांगितलं, सवतीची सवय सुटावी म्हणून त्यांनीच डब्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं.

समोरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा येत होता, गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे करा म्हणत. "काय झालं, अप्पा?" कुणीतरी ओरडलं.

अप्पांनी बाटली उंच केली. "द्वैभाषिक झालं! एका टाकीत कोंबलं म्हणून एक होतंय होय?"

मोर्चानं असा जल्लोष केला की बाई सीटवर दचकल्या. मग गिरणीतल्या वीस-पंचवीस जणांनी गंगीला मागून हात लावला आणि 'झालाच पाहिजे'च्या तालावर आम्हांला दादरपर्यंत ढकलत नेलं. हिंदमातेपाशी पाहिलं, तर बाईंची बोटं वहीवर तोच ताल धरत होती.

उतरताना त्या म्हणाल्या, "सोडाल हे?"

"सोडलं," अप्पा म्हणाले.

बाईंनी तिथंच बॉनेटवर वही ठेवून अहवाल लिहिला. त्याची नक्कल दुसऱ्याच दिवशी पोस्टानं आली. 'गंगाबाईंची समक्ष भेट घेतली. सवय सुटली आहे. परमिटची गरज नाही. मालकाचा बिल्ला काढण्याचे कारण दिसत नाही.' हवालदारानं ती दोनदा वाचली आणि गाडीला सलाम केला.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी अप्पांनी अख्ख्या वाडीला फुकट फिरवलं, निव्वळ पेट्रोलवर. गाडी एकदाही शिंकली नाही. "सुधारली गो," ते मला म्हणाले, "पण आता बोलणा नाय माझ्याशी." पुढच्या वर्षी गंगी भंगारात विकून ते काकींना घेऊन मालवणला गेले आणि तिथंच वारले. खोकल्यानं. औषध घेतलं नाही.

मी सरकारी नोकरीत लागले. आता माझ्या टेबलावरून रोज ढीगभर अर्ज जातात. प्रत्येक अर्ज मी आधी वाचते आणि नावावर बोट ठेवून विचारते, "हे माणसाचंच ना?" लोक हसतात. परवा एक म्हातारा शेतकी पंपाचा अर्ज चुकून माझ्याकडे घेऊन आला. नावाच्या रकान्यात 'लक्ष्मी' होतं.

"माणसाचंच ना?"

"नाही बाई, पंपाचं."

मी त्याला बसायला खुर्ची दिली.