सासूने पाहू नये अशा घरातली दुपार

तेझीरा पोलीस चौकीच्या दारातच गुडघ्यांवर बसली आणि आधी आपले हात पायघोळ बुसूती झग्याच्या घोळात लपवले. हात थरथरले तर? चार महिने तिला हीच धास्ती होती. जावयाला शिवलेल्या सासूचे हात मरेपर्यंत कापत राहतात, हे आम्हा युगांडातल्या बागांडा लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. जावई वाटेवर दिसला की सासू केळीत शिरते, एका छपराखाली दोघं बसत नाहीत. तेझीरा तर काठीने साप मारणारी बाई, पण जावई नुसता खोकला तरी पळत सुटायची. हसायचं त्याने खुशाल हसावं.

तिची सहा वर्षांची नात नकालेमा झऱ्याच्या वाटेवर, केळीच्या बागेत मेलेली सापडली होती. कुणीतरी गळा दाबला होता. मारणारा सापडला नाही. घरच्यांच्या जबान्या मात्र एकमेकींशी जुळेनात, म्हणून पोरीचा बाप चार महिने कोठडीत होता.

तपास करणाऱ्या आपियो मॅडम उत्तरेकडच्या, आवाज करडा. त्यांनी कागद पुढे ओढला.

"बाप म्हणतो, तापाने फणफणलो होतो, घरात एकटाच होतो. तुम्ही म्हणता, बहिणीकडे कॉफी वाळवत होते. शेजारीण म्हणते, आजी दुपारी त्याच अंगणात दिसल्या. आजी, मला काय खुळी समजलात? उद्या तुमच्या जावयाला, आलोयिझिओला, कोर्टात उभा करतेय मी. पोटच्या पोरीच्या खुनासाठी."

तेझीराने बाकाकडे पाहिलं. बाकावर तिची लेक इम्माकुलाता बसली होती, नवऱ्यासाठी आणलेला मटोकेचा, उकडलेल्या केळ्यांचा डबा मांडीवर धरून. तिच्यासमोर हे बोलायचं म्हणजे जमीन दुभंगली तर बरी. पण न बोलावं, तर जावई आयुष्यभर तुरुंगात सडणार.

"शेजारीण खरं सांगतेय, मॅडम. मी तिथंच होते."

"आई!" इम्माकुलाता म्हणाली.

"जावई कामावर गेलाय असं समजून गेले. पोरीला तळलेले नाकतोडे आवडायचे ना, ते घेऊन. तर हा घरात. आधी मी पळालेच. मग आतून दात वाजायला लागले. झटके येत होते त्याला, जीभ चावत होता. गेले मी आत. डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्याने अंग पुसत राहिले. तू बाजारातून येताना दिसलीस, तशी मागच्या दाराने पळाले."

"आणि तो?" मॅडमनी विचारलं.

"मधे डोळे उघडले त्याने. मला ओळखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं."

मॅडमनी पेन टाकलं. "एवढ्यासाठी खोटं बोललात? दोघंही?"

"तुम्हाला एवढंसं वाटतं. चार महिने कोठडीत मार खाल्ला त्याने, पण माझी अब्रू चव्हाट्यावर नाही आणली. तुमच्या मुलखात असेल का असा जावई?"

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. सगळं लिहून घेतलं, शाईचं पॅड पुढे सरकवलं. तेझीराने भीत भीत हात बाहेर काढला. तो कापत नव्हता. ठसा स्वच्छ उठला आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"आता एकच राहिलं," मॅडम म्हणाल्या. "पोर झऱ्यावर एकटी कशी गेली? गावात सगळे सांगतात, तिला कधी एकटीला पाठवत नसत."

याच प्रश्नाच्या भीतीने तेझीराने चार महिने काढले होते. जावयाची लाज पुढे करून ती खरं तर याच्यापासून लपत होती.

"माठातलं पाणी संपलं होतं," ती म्हणाली. "त्याला सोडून मला उठता येईना. म्हटलं, पळ बाळा, झऱ्यावरून पटकन पाण्याचा डबा भरून आण."

इम्माकुलाता उठली. मटोकेचा डबा बाकावर ठेवून आईसमोर येऊन उभी राहिली.

"पिवळा डबा?"

"पिवळाच."

"तो भरलेला सापडला होता, आई. तिने पाणी भरलं होतं. ती तुझ्याकडेच परत येत होती."

तेझीराने शाईचा अंगठा बुसूतीला पुसला, पुन्हा पुसला. मग तिचे दोन्ही हात कापायला लागले, आणि ते काही केल्या थांबेनात.