नाव ठेवायची घाई नाही

किस्से कुणी साठवत नाही, ते साठतात. कोनाड्यात सुतळीचे तुकडे साठतात तसे. आमच्या माळवदावरच्या आकाशमंडळाचे तर माझ्याकडे ढीगभर आहेत. मंडळ म्हणजे शाळेत गणित शिकवणारे आमचे 'हे', मागावर लुगडी विणणारे यल्लप्पा आणि एक सेकंडहँड दुर्बीण! मी सभासद नाही. मांडीवरच्या मुलीचा श्वास मोजत मी बाजूला बसते.

*

मंगळ आणि गुरूच्या मध्ये असंख्य दगड, म्हणजे छोटे ग्रह, फिरतात. यांना त्यातला एक नवा शोधायचा होता. रोज आकाशाचा तोच तुकडा कागदावर ठिपक्यांनी उतरवायचा. जो ठिपका कालच्यापेक्षा हलला, तो ग्रह. कागद ताडायचं काम यल्लप्पांचं. एक ठिपका चुकला तरी बोट नेमकं तिथंच!

"ताण्यात तुटका धागा दिसतो की वयनी, तसंच हाय हे."

*

वेळ लिहायची ती गिरणीच्या भोंग्यावरून. एकदा गिरणीत संप झाला, भोंगाच नाही. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "आकाश चालू आहे, सोलापूर बंद!"

*

शेजारच्या काकूंनी विचारलं, "तीन महिने झाले, मुलीचं नाव काय ठेवलंत?"

मी मुलीचं टोपरं नीट केलं. आमची पहिली मुलगी बारशानंतर आठव्या दिवशी गेली. तेव्हापासून नावाचा विषय मी पुढे ढकलते.

हेच म्हणाले, "काकू, नव्या ग्रहालासुद्धा लगेच नाव देत नाहीत. आधी त्याची कक्षा निघावी लागते. पुष्कळ सापडतात नि परत हरवतात."

त्या शेवटच्या वाक्यानं दिवसभर मी मुलीला खाली ठेवलं नाही. आणि म्हणे मी मॅट्रिक!

*

एका संध्याकाळी यल्लप्पा ओरडले, "मास्तर, नवा हाय!" काल जिथं काहीच नव्हतं अशा भलत्याच जागी ठिपका. लगेच नावावरून वाद. खालून सासूबाई म्हणाल्या, "दगडच ना तो? धोंडी ठेवा. पोरं जगत नसली की आम्ही हेच नाव ठेवायचो. दगड कोण उचलून नेतंय?"

दोघं खो-खो हसले. मला हसू आलं नाही.

*

सकाळी तो कागद उचलून उजेडात धरला. ठिपका शाईचा नव्हता. मुलीला तीट लावलेलं माझं बोट कागदाला लागलं होतं! सांगायचा धीर होईना. दिवसभर जिना चढले नि उतरले. संध्याकाळी माळवदावर यल्लप्पांसमोर हे विलायतेतल्या वेधशाळेला धाडायचं पाकीट चिकटवायला लागले, तेव्हा तोंडून निघालं, "अहो, तो ग्रह माझ्या बोटाचा आहे."

यांनी पाकिटातून कागद बाहेर काढला. यल्लप्पांनी ठिपका अंगठ्यानं पुसून पाहिला. "काजळच की!" मग ते माझ्या मांडीवरच्या मुलीकडे बघायला लागले.

"वयनी, काल तीट उजव्या गालाला व्हती?"

"हो."

"आज डाव्या. मास्तर, हललाय की! लिवा!"

यांनी खरंच वही ओढली. तारीख घातली. तेवढ्यात भोंगा झाला, वेळ घातली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "नाव?"

खाली सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"धोंडी," मी म्हणाले.